भाटकाराची जमीन, हौशी खेळाडूंचे घर: भूमिका-खेळांतील खुला परवाना

पावसाळ्यातील रविवारी दुपारी फोंड्यातील एका घराच्या सोप्यावर आम्ही सहा जण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका-खेळ खेळायला बसतो. मध्ये पितळेची परात असते आणि त्या परातीत वीस पैलूंचा फासा घरंगळत राहतो. परात यासाठी, की लाद्यांवर टाकलेला फासा हमखास कपाटाखाली जातो. गेल्या तीन वर्षांत या बैठकीतून एक जाडजूड वही भरली आहे. तिच्यात सत्तरीच्या रानातील वाटा आहेत, मांडवीच्या मुखाशी बुडालेले एक जहाज आहे आणि गावाच्या वेशीवरचा देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, आहे, ज्याला रोट (जाड भाकरी) ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या वहीची छापील पुस्तिका काढावी आणि ती डिचोली, म्हापसा, मडगाव येथील मुलांना अल्प किमतीत विकावी, असे आमच्यातील सर्वांत धाकट्या खेळाडूने सुचवले, तेव्हा त्याच्या वडिलांनी एक साधा प्रश्न विचारला: "नियम त्या परदेशी कंपनीचे, मग पुस्तक तुमचे कसे?"

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर देताना आमची त्रेधा उडाली. याच प्रश्नावरून जानेवारी २०२३ मध्ये जगभरच्या हौशी खेळाडूंमध्ये मोठा क्षोभ उसळला होता. त्या क्षोभामागचे कारण आणि त्यातून आपल्यासारख्यांच्या हाती काय आले, हे क्रमाने समजून घेणे आवश्यक आहे.

## हा खेळ चालतो कसा

ज्याला इंग्रजीत टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात, त्याला येथे भूमिका-खेळ म्हणू. यात पट नसतो आणि सोंगट्याही अनिवार्य नसतात. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो, आणि सगळे मिळून बोलत बोलत एक गोष्ट घडवतात. जत्रेच्या रात्री देवळासमोर बसून ज्यांनी दशावतारी नाटक पाहिले आहे, त्यांना हे लगेच उमगेल. दशावतारात लिहून दिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद रंगमंचावरच, त्या त्या क्षणी सुचतात. भूमिका-खेळातही आख्यान सूत्रधाराच्या मनात असते आणि संवाद ऐन वेळी सुचतात. फरक इतकाच, की दशावतारात राक्षस मरणार हे आधी ठरलेले असते, तर येथे ते फासा ठरवतो.

फाशाने काय ठरवायचे, किती अंक आले म्हणजे वार लागला, कोणत्या मंत्राचा परिणाम किती वेळ टिकतो, हे सांगणारी नियमांची पुस्तके असतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली टीएसआर या अमेरिकी कंपनीने प्रसिद्ध केला, आणि आज या प्रकारातील बहुतेक खेळ त्याचेच वंशज किंवा त्याला दिलेले उत्तर आहेत.

## "खेळाच्या नियमांवर कॉपीराइट नसतोच, मग परवाना कशाला?"

हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो अर्धा खरा आहे. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती ज्या शब्दांत व चित्रांत मांडली त्या मांडणीवर असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिशेब ठेवण्याच्या एका पद्धतीबाबत असा निकाल दिला, की पद्धत समजावणारे पुस्तक लेखकाचे आहे, परंतु ती पद्धत वापरण्याची मक्तेदारी त्याला मिळत नाही. आपल्याकडे १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात, एका नाटकावरून चित्रपट उचलल्याच्या तक्रारीवर निर्णय देताना, सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्पष्ट केले: कल्पना, विषय, कथानक, पौराणिक किंवा ऐतिहासिक तथ्ये यांवर कोणाचा कॉपीराइट नसतो, तो त्यांच्या विशिष्ट आविष्कारावर असतो.

म्हणजे कीचकवधाचे आख्यान कोणत्याही दशावतारी मंडळाने करावे. मात्र त्यावर एखाद्या नाटककाराने लिहिलेले नाटक जसेच्या तसे उचलू नये. त्याचप्रमाणे "वीस पैलूंचा फासा टाका, आलेल्या अंकात आपले बळ मिळवा, बेरीज पंधरा किंवा अधिक झाली तर यश" हा नियम कोणाच्याच मालकीचा नाही.

अडचण पुढे आहे. नियमांच्या पुस्तकात नियम आणि मांडणी दूध-पाण्यासारखी मिसळलेली असतात. शेकडो मंत्रांची नावे, त्यांचे परिणाम, प्राण्यांची वर्णने, पात्रांचे वर्ग (योद्धा, मांत्रिक वगैरे), या साऱ्यात पद्धत कोठे संपते आणि साहित्य कोठे सुरू होते, हे सांगणारी रेघ कोणी आखून ठेवलेली नाही. ती न्यायालयातच आखली जाते आणि न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत रविवारी परातीत फासे टाकणाऱ्यांची नसते. नव्वदच्या दशकात टीएसआरने हौशी लोकांनी इंटरनेटवर ठेवलेल्या स्वरचित साहित्यावर आक्षेप घेतले, तेव्हा अनेकांनी कायद्याचा कीस न पाडता आपले साहित्य काढून टाकले. कायदा आपल्या बाजूने असू शकतो, एवढ्या आधारावर कोणी दोन वर्षे खर्चून पुस्तक लिहीत नाही. परवान्याचा खरा उपयोग येथे आहे: "या मजकुरावरून आम्ही तुमच्यावर दावा लावणार नाही" असे लेखी आश्वासन तो देतो.

## २००० साली उघडलेले दार

१९९७ साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतली आणि १९९९ साली हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने विझार्ड्स विकत घेतली. २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती काढताना, रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने, कंपनीने दोन गोष्टी एकत्र केल्या. खेळाचा गाभा असलेले नियम तिने एका स्वतंत्र दस्तऐवजात मांडले. त्याला येथे नियमसंहिता म्हणू. त्यासोबत 'ओपन गेम लायसन्स' नावाचा परवाना दिला, जो ओजीएल या आद्याक्षरांनी ओळखला जातो. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीवरून ही कल्पना सुचली होती. अटी थोडक्यात अशा होत्या: नियमसंहितेतील मजकूर कोणीही, मानधन न देता, आपल्या पुस्तकात वापरावा, बदलावा, विकावा, पुस्तकात परवान्याची प्रत व आधीच्या लेखकांचे श्रेय छापावे, खुल्या मजकुरावरून जे नियम तयार होतील तेही खुलेच राहावेत, आणि कंपनीने राखून ठेवलेली नावे, पात्रे व कथाविश्वे वापरू नयेत.

फुकट देऊन कंपनीचा फायदा काय, असे विचारले जाईल. साहसकथांच्या छोट्या पुस्तिका काढण्यात कंपनीला फारसा नफा नव्हता. नफा मूळ नियमांच्या मोठ्या पुस्तकात होता. बाहेरच्या शंभर लेखकांनी पुस्तिका काढल्या, तर प्रत्येक पुस्तिका वाचणाऱ्याला मूळ पुस्तक घ्यावेच लागणार होते. जत्रेत खाज्याची आणि खेळण्यांची दुकाने जितकी जास्त, तितकी जत्रेला गर्दी अधिक, असा हा हिशेब होता.

पुढची काही वर्षे बाजारात अशा पुस्तकांचा पूर आला, आणि त्यातील बरीच पुस्तके सुमार निघाल्यामुळे दुकानदारांकडे गठ्ठे पडून राहिले, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्याच दारातून पुष्कळ चांगलेही आत आले. २००८ साली चौथ्या आवृत्तीसाठी कंपनीने अधिक जाचक परवाना आणला, तेव्हा पायझो या प्रकाशकाने जुन्या खुल्या नियमांवर 'पाथफाइंडर' हा खेळ २००९ साली उभा केला आणि ज्यांना जुने नियम प्रिय होते त्यांची सोय झाली. मला स्वतःला अधिक जवळचे वाटते ते २००७ सालचे 'बेसिक फँटसी' हे उदाहरण. स्वयंसेवकांनी मिळून घडवलेला हा खेळ पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतो आणि छापील प्रत जवळजवळ छपाईच्या खर्चात मिळते. कोणाच्याही कमाईसाठी नव्हे, केवळ हौसेसाठी इतके नेटके काम उभे राहू शकते, हे खुल्या परवान्यामुळे शक्य झाले.

## जानेवारी २०२३: संमती मागे घेण्याची धमकी

पुढे काय झाले हे गोव्यातील वाचकाला समजावण्यासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, माडांच्या भाटात (बागेत) त्याच्या संमतीने घर बांधून राहिलेला मुंडकार आपल्या परिचयाचा आहे. घर त्याचे, अंगणातील तुळस त्याची, पण जमीन भाटकाराची, आणि ती संमती बहुधा तोंडीच दिलेली. भाटकाराचे मन बदलत नाही तोवर त्या संमतीचा नेमका अर्थ काय, हे कोणी विचारत नाही. ते बदलले, की घरातील म्हाताऱ्याकोताऱ्यांची झोप उडते. म्हणूनच १९७५ साली मुंडकारांना उठवण्यापासून संरक्षण देणारा कायदा येथे करावा लागला आणि त्यात मुंडकाराला ते घर विकत घेण्याचा हक्कही देण्यात आला.

ओजीएलवर पुस्तके काढणारे छोटे प्रकाशक आणि हौशी लेखक वीस वर्षे असेच मुंडकार होते, फक्त त्यांना ते जाणवले नव्हते. ५ जानेवारी २०२३ रोजी परवान्याच्या नव्या मसुद्याची बातमी फुटली. त्यानुसार जुना परवाना यापुढे 'अधिकृत' राहणार नव्हता. वर्षाला ५०,००० डॉलरपेक्षा अधिक विक्री असलेल्यांनी कंपनीला हिशेब द्यायचा होता, ७,५०,००० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी भरायची होती, आणि लेखकांनी लिहिलेला मजकूर कायमचा व विनामूल्य वापरण्याचा हक्क कंपनीला मिळणार होता. रॉयल्टीचा आकडा मोठ्या प्रकाशकांपुरता होता. हौशी माणसाच्या जिव्हारी लागली ती शेवटची अट, आणि त्याहून अधिक जुना परवाना एकतर्फी मोडीत काढण्याची भाषा.

## 'बेमुदत' आणि 'मागे न घेता येणारा' यांतील अंतर

साऱ्या वादाचे मूळ दोन शब्दांत होते. २००० सालच्या परवान्यात तो बेमुदत, जगभर लागू आणि रॉयल्टीविना असल्याचे लिहिले होते. तो मागे घेता येणार नाही, असे मात्र लिहिले नव्हते. बेमुदत म्हणजे शेवटची तारीख ठरलेली नाही. शेजाऱ्याने "आमच्या विहिरीचे पाणी हवे तोवर न्या" असे म्हटले तर ती परवानगी बेमुदत असते, पण उद्या त्याने विहिरीला कुलूप लावले तर काय, याचे उत्तर त्या वाक्यात नसते.

त्यातच परवान्याच्या नवव्या कलमात म्हटले होते, की कंपनी सुधारित आवृत्त्या काढू शकेल आणि वापरणाऱ्याने कोणतीही 'अधिकृत' आवृत्ती वापरावी. ज्यांनी हे लिहिले त्यांच्या मनात वापरणाऱ्याचे संरक्षण होते: नवी आवृत्ती नको असेल तर जुनी वापरा. कंपनीने पूर्वी प्रश्नोत्तरांच्या रूपात तसे स्पष्टीकरणही दिले होते, आणि परवान्याचा अधिकृतपणा काढून घेण्याची सत्ता कंपनीला नाही, असे डॅन्सी यांनीही जाहीरपणे सांगितले. परंतु 'अधिकृत' म्हणजे काय याची व्याख्या कलमात नव्हती आणि नव्या मसुद्याने त्याच फटीत पाचर मारली. हा प्रश्न न्यायालयात गेला नाही, त्यामुळे त्याचा निकाल आजही लागलेला नाही.

## माघार

खेळाडूंनी निषेधाची पत्रे काढली आणि कंपनीच्या डिजिटल सेवेची वर्गणी मोठ्या संख्येने बंद केली. १२ जानेवारीला पायझोने इतर प्रकाशकांसह ओआरसी नावाचा, कोणत्याही एका कंपनीच्या ताब्यात नसलेला परवाना तयार करण्याचे जाहीर केले. १९ जानेवारीला विझार्ड्सने सौम्य केलेला मसुदा मांडून लोकांचे मत मागवले. १५,००० हून अधिक लोकांनी उत्तरे दिली. त्यांतील ८८ टक्क्यांनी त्या परवान्याखाली लिहिणार नाही असे सांगितले आणि ८९ टक्के जुना परवाना मोडीत काढण्यावर नाराज होते. २७ जानेवारीला कंपनीने जुना ओजीएल जसाच्या तसा ठेवला, आणि त्याही पुढे जाऊन पाचव्या आवृत्तीची चारशेच्या आसपास पानांची नियमसंहिता 'क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.०' या परवान्याखाली खुली केली.

हा परवाना कंपनीने लिहिलेला नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स या ना-नफा संस्थेचा तो तयार दस्तऐवज असून जगभर लेखक, छायाचित्रकार, विद्यापीठे तो वापरतात. श्रेय द्यावे, परवान्याचा दुवा द्यावा आणि बदल केले असतील तर ते सांगावेत, एवढ्याच त्याच्या मुख्य अटी आहेत. एखाद्याने अट मोडली तर त्याचा हक्क संपतो, पण चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली तर हक्क आपोआप परत मिळतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा परवाना मागे घेता येणार नाही, असे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. भाटाची मालकी भाटकाराकडेच राहिली, परंतु उठवण्याचा हक्क त्याने कायमचा सोडला. २०२५ साली सुधारित नियमांची संहिताही कंपनीने याच परवान्याखाली दिली.

तरीही झालेले नुकसान भरून निघाले असे म्हणता येत नाही. पायझोने आपली पुस्तके नव्याने लिहून काढली आणि वर्षानुवर्षे खेळाडूंच्या तोंडी बसलेली प्राण्यांची, मंत्रांची नावे बदलली. 'बेसिक फँटसी'च्या स्वयंसेवकांनी जुन्या संहितेतील मजकूर वाक्यावाक्याने काढून त्याच वर्षी चौथी आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या दुसऱ्या एका परवान्याखाली काढली. ज्यांना यातून एक पैसा मिळत नाही, त्यांनी आपल्या फावल्या वेळातील कित्येक महिने केवळ धास्तीपायी खर्च केले, याचे मला आजही वाईट वाटते.

## "आम्ही घरीच खेळतो, आमचा काय संबंध?"

घरी खेळायला कोणताही परवाना लागत नाही, तेव्हा जो केवळ खेळतो त्याच्या सोप्यावर येऊन कोणी परात उचलून नेणार नव्हते. परंतु तो जे खेळतो ते येते कोठून, हे पाहावे लागते. आमच्यातील एक जण नोकरीसाठी आखातात असतो आणि तो संगणकाच्या पडद्यावरील टेबलावरून आमच्यात सामील होतो. अशी टेबले पुरवणारे संगणक-कार्यक्रम खुल्या नियमांवर उभे आहेत. १९ जानेवारीच्या मसुद्यात त्यांच्यावरही बंधने सुचवली होती. मंत्राचा बाण पडद्यावर सरसरत जाताना दाखवला, तर तो बैठकीचा खेळ न राहता व्हिडिओ गेम होतो, असे कंपनीचे म्हणणे होते. म्हणजे मित्र दूर गेला की खेळ कसा दिसावा, हेही परवान्यावर अवलंबून राहिले असते.

मराठी वाचकासाठी मात्र याहून मोठी गोष्ट भाषांतराची आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार भाषांतराचा हक्क मूळ हक्कदाराकडे असतो. गोव्यात नियमांचे मराठी पुस्तक किती खपेल, हा हिशेब कोणत्याही परदेशी कंपनीने मांडला तर तिचे उत्तर काय येईल ते उघड आहे. कंपनीने ही संहिता फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत दिली. मराठीची वाट पाहत बसलो असतो तर आमची धाकटी पिढी म्हातारी झाली असती. क्रिएटिव्ह कॉमन्समुळे वाट पाहण्याची गरज उरली नाही. संहितेचे मराठीकरण करण्यास, ते छापण्यास, विकण्यास कोणालाही विचारावे लागत नाही.

आम्ही ते काम सुरू केले आहे आणि त्यातला आनंद शब्दागणिक आहे. विषबाधेसारख्या संकटातून पात्र तरले की नाही हे ठरवणाऱ्या फेकीला आम्ही आधी 'बचाव-फेक' म्हणत होतो. शब्द बरोबर होता, पण कोणाच्या तोंडी बसेना. एका रविवारी नागाने डसलेल्या पात्रासाठी फासा टाकला गेला, परातीत तो थरथरत एकोणीसवर थांबला आणि खेळाडू कोकणीत ओरडला, "निभावलें!" त्या दिवसापासून आमच्या वहीत तो शब्द 'निभाव' असा आहे: विषाविरुद्ध निभाव, भीतीविरुद्ध निभाव.

## काय खुले झालेले नाही

उत्साहाच्या भरात एक घोटाळा होतो तो टाळावा. खुली झाली ती नियमसंहिता, दुकानात मिळणारी पुस्तके नव्हेत. संहितेत प्रत्येक वर्गाची एखादीच उपशाखा असते. बाकीच्या पुस्तकात असतात. पुस्तकांतील चित्रे, कथाविश्वे आणि त्यांतील पात्रे राखीवच आहेत. खेळाचे नाव आणि बोधचिन्ह हे ट्रेडमार्क आहेत, आणि ट्रेडमार्कचा कायदा वेगळा आहे. त्यामुळे पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ते बोधचिन्ह छापता येणार नाही. "पाचव्या आवृत्तीशी सुसंगत" असे लिहिण्याची मुभा खुद्द संहितेनेच दिली आहे, आणि तेवढे पुरते.

## स्वतःची वही खुली करताना

आपल्या मजकुरावर नुसते "कोणीही वापरावे" असे लिहिणे उदारपणाचे वाटते, पण ते अपुरे आहे. भारतीय कायद्याच्या कलम १९ मध्ये असे गृहीतक आहे, की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरावा. कलम ३०अ ने हीच तरतूद परवान्यांनाही लागू केली आहे. म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा तयार परवाना वापरावा. त्यात मुदत, प्रदेश आणि मागे न घेण्याचे वचन हे सारे लिहिलेले असते.

धाकट्याच्या वडिलांना आम्ही अखेर पुस्तिकेचे शेवटचे पान करून दाखवले. त्यावर मूळ संहितेचे नाव, विझार्ड्स ऑफ द कोस्टचे श्रेय, परवान्याचा दुवा आणि "मराठी भाषांतर व बदल आमचे" अशी ओळ आहे. भाषांतरित नियम, सत्तरीच्या वाटांचे नकाशे आणि बुडालेल्या जहाजाची कथा आम्हीही त्याच परवान्याखाली खुली केली आहे.

देवचाराची चार पाने मात्र आम्ही राखून ठेवली आहेत. आपण घातलेली भर खुली करावी अशी सक्ती हा परवाना करत नाही, त्यामुळे तसे करता येते. देवचार स्वतः कोणाच्या मालकीचा नाही आणि त्याच्यावर कोणीही लिहावे. राखीव आहेत ती फक्त आमची वाक्ये. आमच्या वहीत त्याच्या नावापुढील 'प्राण' (किती वार सोसेल तो आकडा) हा रकाना कोरा आहे, कारण ज्याला आजही वेशीवर रोट ठेवला जातो, त्याच्याशी लढाई होऊ शकते असे आम्हाला मांडायचे नव्हते. कोणी ती पाने घेऊन त्या रकान्यात आकडा भरायचा म्हटला, तर त्याने आधी आम्हाला विचारावे, अशी आमची इच्छा आहे. तेवढ्या चार पानांपुरते भाटकार आता आम्ही आहोत.